कोणती चमकी

देऊळघाटच्या शाळेत लागून मला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही बुलढाण्याला आलो, तिथे भाड्याचं घर घेतलं आणि मी रोज सकाळी रिक्षाने शाळेत जाऊ लागले. सुरुवातीला वर्गात मुली "का" ऐवजी "काऊन" म्हणाल्या की मी क्षणभर थांबायचे. पुढे तेही थांबलं. इथलं बोलणं आपल्याला पूर्ण समजतं, असं मी सासरच्या मंडळींना फोनवर सांगायचे. थोडं कौतुकानंच.

त्या वर्षी गॅदरिंगला मोराचा नाच बसवायचं काम माझ्याकडे आलं. सातवीतल्या आठ मुली, निळे घागरे, आणि पुढे नाचणाऱ्या मुलीच्या पाठीला पिसारा. कपडे शिवायला कुणाकडे द्यायचे असं विचारलं तेव्हा शिक्षकखोलीत सगळ्यांनी एकच घर सांगितलं. वेशीच्या आत, पिठाच्या गिरणीसमोर एक बाई घरी शिलाई करत होत्या. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, एक मुलगी चिखलीला नर्सिंग शिकत होती. शाळेतल्या निम्म्या शिक्षिकांचे ब्लाउज त्यांच्याकडेच होते. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्या मला मॅडम.

पहिल्याच दिवशी आमची गंमत झाली. मी म्हटलं, "मावशी, घागऱ्यांच्या घेराला खाली दोन रांगा टिकल्या लावा."

त्यांनी शिलाई थांबवली. "टिकल्या? त्या तं चिकटून राहत नाहीत मॅडम. पोरी नाचल्या की पडतीन साऱ्या."

"शिवायच्या ना. सुईनं."

"टिकली कशी शिवतेत?" असं म्हणत त्यांनी आरशाच्या चौकटीला लावलेली मुलीची लाल टिकली काढून मला दाखवली. मी हसायला लागले, त्याही हसल्या. मग मी त्यांच्या डब्यात बोट घालून प्लास्टिकच्या गोल चकचकीत चकत्या उचलल्या. "ह्या."

"हे सितारे होय! मंग सितारे म्हना ना."

आमच्याकडे त्यांना टिकल्या म्हणतात. माझ्या आईच्या तोंडी तोच शब्द होता. पण मी मनात नोंद केली की इथे ते सितारे, आणि पुढे तोच शब्द वापरत गेले. शब्दाचा प्रश्न मिटला, असं मला वाटलं.

पिसाऱ्यासाठी मात्र मला वेगळं काहीतरी हवं होतं. प्लास्टिकचे सितारे दुकानातल्या गिफ्टच्या कागदासारखे दिसतात. माझ्या आईची एक काळी मखमली चोळी माझ्याकडे होती. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. कापड काखेत फाटलेलं, पाठीवर विरलेलं, पण गळ्याला आणि बाह्यांना धातूच्या बारीक टिकल्यांचं काम होतं, प्रत्येक टिकलीवर एक मणी. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. चोळी नुसती कपाटात ठेवून काय होणार, त्यापेक्षा स्टेजवर चमकू दे, असं म्हणून मी ती एका कापडी पिशवीत घातली आणि मावशींना नेऊन दिली. "हे काम उसवून पिसाऱ्याच्या डोळ्यांना लावा," एवढं सांगून आले.

चार दिवसांनी, वर्गात फळा पुसता पुसता, मला डबी आठवली.

आईच्या नाकातली चमकी मी एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवली होती. सोन्यात बसवलेला एक पांढरा खडा, बाकी काही नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्सने ती काढून माझ्या हातात दिली होती. नंतर मी ती डबी आईच्या वस्तूंबरोबर ठेवली. आणि आईच्या वस्तू म्हणजे ती चोळी, एक चष्मा आणि एक रुमाल, सगळं एकाच गाठोड्यात. चोळी काढताना मी गाठोडं सोडलं होतं का, डबी चोळीच्या घडीत होती का, हे मला नीट आठवेना. घरी जाऊन बघितलं. चष्मा होता. रुमाल होता. डबी नव्हती. कपाटाचे सगळे खण काढून पलंगावर ओतले. नवरा म्हणाला, "पिशवीतून गेली असेल. विचार की त्यांना."

विचार की. त्याला सोपं वाटलं. पण चोळी देऊन चार दिवस झाले होते, आणि मावशींनी डबी सापडली असा फोन केला नव्हता. माझा नंबर त्यांच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता. म्हणजे एकतर डबी तिथे नाही, किंवा आहे आणि त्यांनी सांगितलं नाही. सरळ विचारलं तर सरळ आरोप झाला. मी ठरवलं, आडून विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गेले. मावशी एका मुलीच्या घागऱ्याला अस्तर लावत होत्या.

"मावशी, त्या पिशवीत चोळीशिवाय अजून काही होतं का हो?"

त्यांचा हात मशीनच्या चाकावर थांबला. मी नीट बघत होते. नजर खाली गेली, मग दाराकडे, मग परत कापडावर.

"अजून काय असनार? चोळीच होती ना?"

"हो, सहज विचारलं. उसवलं का काम?"

"उसवलं ना. होते होते. तुम्ही कायले उन्हात येता? झालं की मी पाठवते ना निरोप."

मला येऊ नका असं त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं. एरवी चहा टाकायच्या. त्या दिवशी चहाही नाही. परत येताना मी त्यांची नजर पुन्हा पुन्हा आठवत होते, आणि दर वेळी ती जास्त अपराधी दिसत होती.

त्यानंतरचे आठ दिवस मी चांगल्या माणसासारखी वागले नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. मी काही ना काही निमित्त काढून त्यांच्याकडे जायचे. एकदा माप विसरले म्हणून, एकदा लेस दाखवायला. गेले की मी खोली डोळ्यांनी पिंजून काढायचे. देवाचा कोनाडा, मशीनचा खण, पलंगाखालची पत्र्याची पेटी. पेटीला कुलूप होतं. ते आधीपासून होतं का? मला आठवत नव्हतं, पण मी मानलं की नव्हतं. शनिवारी त्यांची मुलगी चिखलीहून आली होती. तिने मला पाणी आणून दिलं आणि मी ग्लास हातात घेताना तिच्या नाकाकडे बघितलं. नाक टोचलेलं होतं, त्यात बारीक काडी होती. ती काडी का? उद्या त्यात काय यायचं आहे म्हणून ही काडी? मुलगी हसून म्हणाली, "आई सांगते, तुम्ही लय छान नाच बसवून राह्यल्या." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

मग तो मंगळवार. पिसाऱ्याचा साचा घेऊन मी दुपारी गेले. दार अर्धं उघडं होतं, मशीन बंद होतं आणि आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. मी चपला काढायला वाकले आणि तिथेच थांबले. मावशी मुलीशी बोलत होत्या.

"अवं, मॅडमच्या मायची चमकी हाये ते. काढून ठेवली मी. असली माल, आता भेटत नाही तसा कुठी. तुह्या लग्नात कामी येईन." मग थोडं ऐकून, "मॅडमले काय समजते? तिले कुठी ध्यान हाये. तू काही बोलू नोको फक्त."

मी तशीच चपला घालून मागे फिरले. पिसाऱ्याचा साचा छातीशी धरला होता आणि पुठ्ठ्याचं टोक गळ्याला टोचत होतं. आता संशय नव्हता, माझ्या कानांनी ऐकलं होतं. आईची चमकी, काढून ठेवली, मुलीच्या लग्नासाठी. आणि ते "मॅडमले काय समजते".

शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई तिथल्याच, वीस वर्षं नोकरी झालेल्या. माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं. मी सगळं सांगितलं. आईच्या नाकातली सोन्याची चमकी, पिशवी, फोन. "कुणाला सांगू नका," असंही म्हटलं. त्या म्हणाल्या, "माय वो! ह्या बाईनं? मी तं पंधरा वर्षांपासून कपडे टाकते तिच्याकडे." मग म्हणाल्या, "मागच्या दिवाळीले माझा एक ब्लाउज पीस कमी निघाला होता. मी म्हटलं, मीच विसरली असन."

मला तेव्हा बरं वाटलं. माझ्या बाजूने अजून एक पुरावा आला, असं वाटलं.

कुणाला सांगू नका म्हटलेली गोष्ट दोन दिवसांत साऱ्या शाळेत झाली. शिपाईबाईंनी मला पाणी देताना हळूच विचारलं, "मॅडम, सोनं किती होतं?" गणिताच्या बाईंनी शिवायला टाकलेले दोन ब्लाउज न शिवताच परत आणले. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "उरलेले घागरे दुसरीकडे देता येतील का बघा. शाळेचं नाव येते त्यात." मी म्हटलं, आधी मी एकदा बोलते. खरं तर मला बोलायचं नव्हतं. पण चमकी आईची होती, ती तशीच सोडणं मला जमत नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेले. मावशी उंबऱ्यात बसून गव्हातले खडे निवडत होत्या. मशीनवर काहीच कापड नव्हतं. बाकीच्यांनी कपडे परत नेले होते, हे माझ्या लक्षात आलं. त्यांना कारण कुणी सांगितलं नव्हतं. मी आत जाऊन उभी राहिले आणि ठरवून ठेवलेलं वाक्य एका दमात बोलले.

"मावशी, माझ्या आईची चमकी तुमच्याकडे आहे का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. चेहरा एकदम उतरला. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील, रागावतील, देवाची शपथ घेतील. त्यांनी मान खाली घातली.

"हाव मॅडम. हाये माह्याजवळ. चुकलं माहं."

इतके दिवस ज्याची खात्री होती ते खरं निघाल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मी म्हटलं, "द्या ती मला."

त्या आत गेल्या. पत्र्याच्या पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा होता, वर दोरा बांधलेला. त्यांनी तो माझ्या ओंजळीत ठेवला. मी दोरा सोडला.

आत आईच्या चोळीवरच्या टिकल्या होत्या. शेकडो. बारीक, पिवळसर, काही कडेला काळ्या पडलेल्या, आणि त्यांच्यात मणी.

"हे काय?"

"तुमच्या मायची चमकी."

"ही?"

"मंग? पुरी हाये. मी एक बी कुठी लावली नाही. पिसाऱ्याच्या डोळ्यांले मी सितारे लावले, अन् हे काढून ठेवली." त्या आता घाईघाईने बोलू लागल्या. "मॅडम, हे असली चमकी हाये. पितळेची, पानी चढवेल. आता दुकानात भेटते ते सारे प्लास्टिकचे सितारे, इस्त्री लागली की गोळा होतेत. माहं मन झालं. पोरीच्या लग्नाच्या ब्लाउजले लावीन म्हटलं. स्टेजवर लांबून कोनाले समजते, सितारा हाये का चमकी? पन विचारलं नाही तुमाले. ते चुकलंच."

मी खाली बसले. तिथेच, गव्हाच्या सुपाशेजारी.

प्लास्टिकचे ते सितारे आणि धातूची ती चमकी. हा फरक त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितला नव्हता, कारण मी विचारला नव्हता. मी एक शब्द शिकून खूश झाले होते.

"मावशी," मी म्हटलं, "आमच्याकडे चमकी म्हणजे नाकातली."

"नाकातली काय?"

मी नाकपुडीवर बोट ठेवलं. "ही. सोन्याची. खडा असतो."

"तिले तं फुली म्हंतेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं, मला ते दिसत होतं. आधी पिशवीबद्दलचा माझा प्रश्न. मग माझं सारखं येणं. मग परत गेलेले ब्लाउज. "तुमच्या मायची फुली हरपली?"

"हो. डबीत होती. मला वाटलं चोळीच्या घडीत..."

"अन् तुमाले वाटलं मी घेतली."

मी फोनवर ऐकलेलं सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. मग त्यांनी विचारलं, "कोनाकोनाले सांगितलं?"

मी एकाच बाईंचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "मंग साऱ्या गावाले समजलं," आणि उठल्या.

मला वाटलं आता हाकलून देतील. त्यांनी मागच्या खोलीतून दोन पोती ओढत आणली. शिलाईत निघालेल्या चिंध्या त्या फेकत नसत, गोधडीत आणि उशीत भरायला ठेवत. दोन्ही पोती त्यांनी अंगणात उन्हात उलटी केली. मग मशीनचा खण काढून आणला, मग झाडूने खोलीतला कोपरा न् कोपरा लोटून तो केर एका वर्तमानपत्रावर जमा केला. "बसा," म्हणाल्या. आम्ही दोघी बसलो. एकेक चिंधी हातात घेऊन झटकायची, बाजूला टाकायची. निळ्या घागऱ्याचे तुकडे, कुणाच्या तरी परकराचे काठ, आईच्या चोळीचं काळं मखमल. त्या मखमलीच्या प्रत्येक तुकड्याला मी बोटांनी चाचपून बघितलं. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. एकीनं विचारलं, "काय पाहून राह्यल्या वो?" मावशी मोठ्याने म्हणाल्या, "मॅडमची सोन्याची फुली."

ऊन उतरेपर्यंत शोधलं. डबी नाही, चमकी नाही.

शेवटी चिंध्या पोत्यात भरता भरता त्या म्हणाल्या, "आता सापडली असती तं तुम्ही म्हनल्या असत्या, होतीच हिच्याजवळ, भ्याली म्हनून काढली. नाही सापडली, तं म्हनसान, पेटीत हाये अजून. मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "मी तसं म्हणणार नाही."

"तुम्ही नाही म्हनसान. बाकीचे?"

मी टिकल्यांची पुडी त्यांच्या हातात परत द्यायला गेले. ही तुमच्याकडेच राहू द्या, मुलीच्या ब्लाउजला लावा, असं म्हटलं. त्यांनी हात मागे घेतले. "नोको. लग्नात कोनी विचारलं, कुठून आनली इतकी असली चमकी, तं काय सांगू?"

सोमवारी मी शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली, तो शब्दाचा घोळ होता, मावशींनी काही घेतलेलं नाही. टिकल्यांची पुडीही उघडून दाखवली. सगळ्यांनी ऐकलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "पण मग नाकातली कुठे गेली?" मी म्हटलं, माहीत नाही. शेजारच्या बाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही मनानं चांगल्या आहात मॅडम, म्हणून असं सांगून राह्यल्या. पण पाहा, टिकल्या तं तिनं लपवल्याच होत्या ना? ज्याला टिकल्या लपवता येतात..." पुढचं त्यांनी मलाच पूर्ण करायला ठेवलं.

मी चिडले. पण त्यांनी मला सांगितलेलं मी आधी स्वतःलाच सांगितलेलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी, रिक्षात. पेटीचं कुलूप. पेटी मी आतून पाहिली नव्हती. त्यांनी पोती उलटी केली, खण काढला, घर झाडलं, पेटी मात्र अंगणात आणली नव्हती. असा विचार आला की मला स्वतःचा राग यायचा, आणि राग ओसरला की विचार तिथेच असायचा.

घागरे मी मावशींकडेच ठेवले. मुख्याध्यापिकांना म्हटलं, दुसरीकडे दिले तर मी नाच बसवणार नाही. गॅदरिंगच्या दिवशी मुलींना कपडे घालायला, टाचण्या लावायला मी मावशींना बोलावलं. त्या येतील असं वाटलं नव्हतं. इस्त्री केलेली साडी नेसून, सुयादोऱ्याचा डबा घेऊन त्या दुपारीच आल्या. एका मुलीच्या कमरेची नाडी तुटली ती त्यांनी उभ्याउभ्या शिवली. पिसाऱ्याचा एक डोळा निखळला होता, तो बसवला. नाच सुरू झाल्यावर मी त्यांना आमच्या रांगेत रिकाम्या खुर्चीवर बसायला लावलं. शेजारची खुर्ची त्याच वीस वर्षं नोकरीवाल्या बाईंची होती. मावशी बसल्या तशी त्या बाईंनी खुर्चीच्या पायाशी ठेवलेली आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. अगदी सहज. हसून मावशींना विचारलंही, "घागरे तुम्हीच शिवले ना? मस्त दिसून राह्यले."

मावशींनी पर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे मान वळवली. स्टेजवर मुली गिरक्या घेत होत्या आणि प्लास्टिकचे सितारे दिव्यांत असे झळकत होते की लोक शिट्ट्या मारत होते. लांबून काही फरक कळत नव्हता, हे मावशींचं बरोबर होतं. नाच संपल्यावर टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

त्यांच्याकडे जायला मला पुढे जवळजवळ दोन महिने लागले. गेले ते एक ब्लाउज पीस घेऊन. बाकीच्या शिक्षिकांपैकी दोघी-तिघी परत येऊ लागल्या होत्या, कारण गावात तशी शिलाई दुसरं कुणी करत नव्हतं. गणिताच्या बाई मात्र कपडे बुलढाण्याला टाकू लागल्या, त्या आजही तिकडेच टाकतात. मी दारात उभी राहिले तेव्हा मावशींनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत मला उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "या."

मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली नाही. "तुम्हीच काढा," म्हणाल्या. मी पीस काढला, अस्तर काढलं, लेस काढली. "आता पिशवी उलटी करा." मी केली. "झटका." मी झटकली. जुनं एसटीचं तिकीट की कसला तरी कागद खाली पडला, तो त्यांनी उचलून माझ्या हातात दिला.

मग त्यांनी मशीनच्या खणातून एक वही काढली. शाळेतल्या मुलांची असते तसली, दोनशे पानी. प्रत्येक पानावर मध्ये पट्टीने रेघ मारलेली. एका बाजूला गिऱ्हाईक वस्तूला काय म्हणतं, दुसऱ्या बाजूला त्या स्वतः काय म्हणतात. मुलीचं अक्षर असावं, गोल आणि सुबक. एका पानावर 'मोती' आणि समोर 'मोती'. एका ठिकाणी 'आरसे', समोर 'काच'. कुणीतरी 'स्टोन' म्हटलं होतं, समोर 'खडा'. वही चाळताना मला माझं पान सापडलं नाही, ते त्यांनी आता नव्याने उघडलं.

"हे काय म्हंता तुम्ही?" त्यांनी बाह्यांना लावायच्या सोनेरी पट्टीवर बोट ठेवलं.

"लेस."

"आमी बी लेसच म्हंतो. तरी लिवते." त्यांनी लिहिलं. "अन् हे?" पट्टीवर बारीक चकत्या होत्या, धातूच्या नव्हे, प्लास्टिकच्या.

मी विचार केला. टिकल्या म्हटलं तर कपाळ, चमकी म्हटलं तर नाक. "सितारे," मी म्हटलं.

"ते माहं नाव झालं. तुमचं सांगा. तुमच्या मायनं काय म्हटलं असतं ते."

"टिकल्या."

त्यांनी डाव्या बाजूला 'टिकल्या' लिहिलं, उजव्या बाजूला 'सितारे', आणि खाली सही करायला वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. पेन परत देताना मी पलंगाखाली नजर टाकली. पेटी तिथेच होती. कुलूप काढलेलं होतं, झाकण थोडं वर राहील असं मुद्दाम काहीतरी खाली अडकवलेलं होतं, आत घड्या घातलेली गोधडी दिसत होती. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"चहा टाकू?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि मी बाहेरच्या खोलीत एकटी बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कशालाही न शिवता, त्या परत येईपर्यंत.